जयाबाईंनी गाळलेला अध्याय

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक अंकात दरवर्षी एका सभासदाचं शब्दचित्र असतं. यंदा पाळकसाहेबांनी जयाबाई रंगारींचं नाव काढलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "दीप्तीताई, तुम्ही त्यांना जवळून ओळखता." ओळखते तर. जिनं माझे बुधवार नेले तिला मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? अंकासाठी मी तीनशे शब्द दिले. त्यात साधी राहणी आहे, वचनाची आवड आहे, सगळं आहे. उरलेलं इथे माझ्या वहीत लिहिते.

जयाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. किडकिडीत, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जन्म रामटेककडच्या एका खेड्यातला, आई मिशनच्या दवाखान्यात दाई होती. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन रायपूरला. स्वतः लकडगंजात एका आरा मशीनच्या मागे दोन खोल्यांत राहतात, त्यामुळे त्यांच्या साडीला कायम लाकडाच्या भुशाचा वास असतो. आणि एकतीस वर्षं त्यांनी जिल्हा कोर्टाबाहेर टिनाच्या शेडखाली बसून टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, साक्षीदारांची बयानं. आता सगळीकडे संगणक आले, तरी बाईंचा टाइपरायटर तिथेच आहे आणि काही जुने वकील अजून त्यांच्याचकडे येतात.

आता माझं सांगते, म्हणजे पोटात काहून दुखलं ते कळेल. माझे आजोबा प्रचारक होते, वडील संदेश द्यायला गावोगाव जायचे. सदरमधल्या आमच्या घरी दर बुधवारी दुपारी बायकांचा बायबल अभ्यास भरतो आणि सतरा वर्षं तो मी घेत होते. मी एक वचन निवडायची, ते दोनदा वाचायची, मग आपल्या जगण्यातलं एखादं उदाहरण सांगायची. माझा आवाज चांगला आहे, हे मी नाही, लोक म्हणतात. बायका डोळे पुसायच्या, मग वहीतल्या यादीवरून प्रार्थना आणि शेवटी चहा व्हायचा. कोणाचं नवं घर झालं, कोणी नवा धंदा काढला, की वचन फ्रेम करून द्यायची पद्धत आमच्यात आहे आणि ते वचन कोणतं हे मी ठरवायची. माझं ठरलेलं होतं. ईयोबाच्या पुस्तकातला आठवा अध्याय, सातवी ओळ. तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाची. निळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरं. नागपुरातल्या निदान चाळीस घरांत माझ्या हातची ती फ्रेम असेल.

जयाबाई गेल्या वर्षी आमच्या मंडळीत आल्या. पहिल्या बुधवारी दाराशी, चपलांजवळच बसल्या. त्या दिवशी चिन्मयीची बँकेची परीक्षा तोंडावर आली होती. चिन्मयी आमच्यातली सगळ्यात लहान, दोनदा नापास झालेली. मी तिच्यासाठी पौलाच्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन काढलं, जो मला बळ देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो असं सांगणारं. म्हटलं, पोरी, सगळं म्हणजे सगळं, परीक्षासुद्धा. चिन्मयीने मान हलवली, पण चेहरा उतरलेलाच.

दाराकडून आवाज आला, "दीप्तीताई, हे कोण बोलून राहिलं जी?"

"पौल," मी म्हटलं.

"कुठून लिहून राहिला?"

"तुरुंगातून." हे मला माहीत होतंच.

"मंग त्याच्या वरच्या ओळीत काय म्हणते तो?"

मला वरची ओळ पाहावी लागली. वर असं होतं की पोटभर असो की उपाशी, भरलेलं असो की रिकामं, दोन्हीत कसं राहायचं ते मी शिकलो.

जयाबाई म्हणाल्या, "म्हणजे पास होईन असं नाही म्हणत तो. नापास झालं तरी निभून जाईन म्हणते."

चिन्मयी हसली. महिन्याभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "हे मले जास्त कामाचं आहे," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. सतरा वर्षांत माझं बोलणं वहीत कोणी लिहून घेतलं नव्हतं. त्या दुपारी चहात साखर घालायची मी विसरले.

पुढे दर बुधवारी तेच. मी वाचायची आणि बाई विचारायच्या. कोण बोललं, कोणाले बोललं, त्याच्या आधी काय झालं? पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, बदल म्हणून काही बुधवार जयाबाईंना घेऊ द्या, त्यांना आवडेल तो ग्रंथ. बाईंनी नेमका ईयोब निवडला, सगळं गमावलेल्या माणसाचा आणि त्याला समजवायला आलेल्या मित्रांचा ग्रंथ. दिवाणखाना माझा, चटया माझ्या, चहा माझा, आणि शिकवणार त्या. तो ग्रंथ संपला की बुधवार पुढे कोणाकडे राहावा हे पाळकसाहेब बायकांनाच विचारणार होते. सगळा कल मला दिसत होता. माझे वडील गेल्यावर त्यांच्याकडून माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आली होती, आणि ती भुशाचा वास येणारी एक बाई घेऊन चालली होती.

त्यांची पद्धत सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाई घरून पाठ टाइप करून आणायच्या. सलग मजकूर, अध्यायाचे आकडे नाहीत, ओळींचे आकडे नाहीत, मथळे नाहीत. म्हणायच्या, हे आकडे लिहिणाऱ्याने नाही टाकले, मागून कोणी टाकले, आपण त्याच्यावर अडखळतो आणि मधूनच तुकडा उचलतो. कोर्टाच्या कागदासारखा डावीकडे रुंद समास सोडलेला. मराठीचं जुनं भाषांतर, नवं भाषांतर आणि हिंदी शेजारी ठेवून, जिथे फरक असेल तिथे पेन्सिलने खूण. मग पहिलं वाचन. त्यात फक्त कागदावर काय आहे तेवढंच सांगायचं. कोणी "मले असं वाटते" म्हटलं की बाई हात वर करायच्या, "वाटणं मंग. अगोदर लिहिलं काय ते." दुसऱ्या वाचनाला समासात लिहायचं, कोण बोलतंय, कोणाला, कशावरून. आणि तिसऱ्या वाचनाला, तेव्हाच कुठे, आपलं स्वतःचं.

"कोर्टात फाइलमध्ये सगळ्याइचं बयान असते," त्या सांगायच्या. "खोटं बोलणाऱ्याचंबी असते. फाइलमध्ये आहे म्हणून ते खरं नाही होत. निकाल कोणता आन् बयान कोणतं, हे पाहा लागते."

कार्बन लावून त्या पाच प्रती काढायच्या. मी चहा ठेवून येईपर्यंत चार वाटल्या जायच्या आणि पाचवी, सगळ्यात फिकट, माझ्या वाट्याला यायची. दर वेळी. बाई मुद्दाम करत नव्हत्या हे मला ठाऊक आहे, पण तेव्हा मी ते मानायला तयार नव्हते.

मग मी ठरवलं, हिला हिच्याच फुटपट्टीने मोजायचं. दुपारी नवरा झोपला की मी त्या फिकट प्रती घेऊन बसू लागले. समासात लिहू लागले. चूक सापडावी म्हणून एकेक वाक्य तपासू लागले. खोटं कशाला बोलू, इतकं बारकाईने मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. ईयोब बोलतो, त्याचा पहिला मित्र बोलतो, ईयोब त्याला उत्तर देतो. समासात माझी नावं नीट बसत होती. पाचव्या आठवड्याच्या पाठावर मी अडले. ईयोबाचं लांब बोलणं संपतं, आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलेलं, तेव्हा ईयोबाने उत्तर दिलं.

उत्तर कोणाला दिलं? मधे कोणी बोललंच नव्हतं.

मी बायबल उघडलं. बाईंच्या कागदावर सातवा अध्याय संपून थेट नववा सुरू होत होता. आकडे नसल्याने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अख्खा आठवा गायब. माझा आठवा. पानावर लाल पेन्सिलने अधोरेखित केलेली माझी सातवी ओळ दिसली आणि अंगात कसा उत्साह आला. वर-खाली वाचा, काही गाळू नका असं सगळ्यांना शिकवणारी बाई अख्खा अध्याय गाळते, तोही नेमका मी लोकांना देते तो. हा तिचा जळफळाट, दुसरं काय. मी बायबल मिटून ठेवलं. तो अध्याय वाचायची मला काय गरज, तो तर माझाच अध्याय होता.

पुढच्या बुधवारी मी चहा आधीच करून ठेवला. सगळ्या जमल्या. चिन्मयी होती, आणि माझ्यासमोर ताराबाई बसल्या होत्या. ताराबाईंची धरमपेठेत मुलांसाठी मेस आहे. त्यांचा एकुलता एक रोशन सात वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला. चोवीस वर्षांचा होता. त्या संध्याकाळी तो प्यायलेला होता असं लोक बोलत. पुढच्या वर्षी ताराबाईंनी मेस काढली तेव्हा मी स्वतः ती फ्रेम घेऊन गेले होते आणि स्टूलवर चढून भिंतीवर लावली होती.

जयाबाईंनी कागद वाटायला घेतले तसं मी म्हटलं, "जयाबाई, मागच्या वेळचा आठवा अध्याय कुठं गेला?"

त्यांचा हात थांबला. "राहिला जी," त्या म्हणाल्या.

"राहिला कसा? तुम्हीच म्हणता न, वरचं खालचं सोडू नका म्हणून?"

"हो. चुकलं माझं." मग हळूच, "दीप्तीताई, तो आपण मंग पाहू. तुम्ही आन् मी, दोघीच बसू."

बाई अडचणीत आली असं मला वाटलं. मला किती बरं वाटलं ते इथे लिहायला हवं. "दोघी कशाले?" मी म्हटलं. "आत्ताच वाचते मी. सगळ्याइले ऐकू द्या."

आणि मी वाचू लागले. रविवारी वेदीवरून वाचतात तसं, स्वर लावून. ईयोबाचा दुसरा मित्र बिल्दद बोलू लागतो. कुठवर बडबडशील, देव कधी अन्याय करतो का, असं काहीसं. मग चौथी ओळ आली. वाचायला लागल्यावर थांबता येत नाही, निदान मला येत नाही. ज्याची दहा मुलं घर कोसळून गेली आहेत त्या बापाला तो माणूस तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून त्यांना त्याची शिक्षा मिळाली. मी ते वाचलं. स्पष्ट, मोठ्याने, ताराबाईंच्या समोर बसून. पुढच्या दोन ओळी कशा वाचल्या ते आठवत नाही. आणि सातवी आली तेव्हा सतरा वर्षांच्या सवयीने माझा आवाज आपोआप चढला.

मग मी थांबले. चिन्मयी बिचारी वहीच्या समासात पेन्सिल टेकवून बसली होती, तिला काही माहीत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे तिने विचारलं, "हे कोण बोलून राहिलं, दीप्तीताई?"

उत्तर ताराबाईंनी दिलं.

"बिल्दद बोलून राहिला," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे. तुम्ही फ्रेम लावून गेल्या न, त्याच रात्री मी पुस्तक काढून वाचलं होतं. वरचंबी वाचलं."

"ताराबाई, मी ते वाचलं नव्हतं," मी म्हटलं.

"ते मले आत्ता समजलं," त्या म्हणाल्या. "मले वाटे, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, वडील संदेश देणारे, तुम्ही तं वाचलंच असंन. रोशन पिऊन होता हे तुम्हाले माहीत होतं. मले वाटलं, तोंडानं सांगता येत नाही म्हणून तुम्ही भिंतीवर लावून गेल्या."

सहा वर्षं. दोन वेळच्या पोळ्या लाटताना समोर ती फ्रेम, आणि बाईच्या मनात हे. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण घर माझंच होतं, जाणार कुठे?

राहिलेलं ताराबाईंनीच सांगितलं. जयाबाई एकदा मेसमध्ये जेवायला गेल्या होत्या. जेवता जेवता फ्रेमकडे पाहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ताराबाईंना रडू फुटलं. मग जयाबाईंनी उष्ट्या हाताने ग्रंथाचं शेवटचं पान दाखवलं. तिथे देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. "बाईनं मले म्हटलं, हे गवाहाचं बयान आहे. निकाल इथं आहे, आन् निकाल त्याच्या विरोधात आहे. सहा वर्षांत मी शेवटचं पान पाहिलंच नव्हतं जी. तवा मीच म्हटलं, बाई, हा ग्रंथ मले पुरा शिकवा. पण आठवा सोडून द्या. दीप्तीताईले लय लागंन."

मी जयाबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. "मी नव्हतं सोडाले पाहिजे," त्या म्हणाल्या. "सोडलेलं कधी ना कधी निघतेच."

त्या एवढंच बोलल्या. त्यांनी मला काही सुनावलं असतं तर मी भांडले असते आणि निदान थोडी सुटले असते.

महिन्याभराने पाळकसाहेबांनी बायकांना विचारलं. कोणी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, बुधवार जयाबाईंना द्या. सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाची तारीफ केली. मन मोठं वगैरे काही नव्हतं. ताराबाईंच्या समोर बसून पुन्हा काही वाचायची माझी छाती नव्हती, एवढंच. आणि जळणं थांबलं म्हणावं तर तेही नाही. बाई माझ्यापेक्षा जास्त जाणते, हे मी एक वेळ गिळलं असतं. सहा वर्षं माझा चहा पिणाऱ्या ताराबाईंनी मन मोकळं केलं ते मला सोडून तिच्याकडे, हे अजून गिळता येत नाही. आणि त्या दोघींनी मिळून मला सांभाळून घ्यायचं ठरवलं, याचा तर विचार आला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

एक दिवस सकाळी मी धरमपेठेत गेले. फ्रेम काढून घ्यावी म्हणून. ती आधीच उतरवलेली होती, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा. ताराबाई कणीक मळत होत्या. मला बसायला पाट दिला, चहा दिला. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कणीक मळत राहिल्या.

शेवटी मी विचारलं, "मी असं केलं असं तुम्हाले वाटे, तरी तुम्ही सहा वर्षं माझ्या घरी काहून येत राहिल्या?"

"तुम्ही शेवटी यादी घेऊन प्रार्थना करत न," त्या म्हणाल्या. "आजाऱ्यांसाठी, दुःखातल्यांसाठी. त्याच्यात तुम्ही म्हणत, रोशनच्या आईसाठी. बाकी सगळे ताराबाईसाठी म्हणते. त्याचं नाव आता कोणी घेत नाही. आठवड्यातून एक वेळ कानावर पडे. त्याच्यासाठी येत होती."

मी चहा संपवला आणि घरी आले. प्रार्थनेच्या वहीतली ती यादी काढून पाहिली. रोशन गेला त्या आठवड्यात त्यातली ती ओळ मी लिहिली होती, तेव्हा ताराबाईंचं नाव पटकन आठवेना म्हणून 'रोशनची आई' लिहिलं होतं. नंतर दुरुस्त करायचा कंटाळा केला. दर बुधवारी खाली मान घालून जे लिहिलं आहे ते वाचत गेले, डोळ्यांसमोर कोणाचाही चेहरा न आणता.

आता ती प्रार्थनेची वही जयाबाईंकडे असते. देताना मी त्यांना एवढंच म्हटलं, यादीतली ही ओळ बदलू नका. त्यांनी विचारलं, काहून? त्या विचारणारच. मी सांगितलं नाही. बुधवार त्यांच्याकडे आहे, चिन्मयीची वही त्यांच्याकडे आहे, ताराबाईंचं मन त्यांच्याकडे आहे. हे एक माझ्याकडे राहू दे.